पावरीतून गाळलेला टेम्पो

सिमोन गावितने मला फसवले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याचे गुण सांगू लागलो तर कोणाचा गैरसमज नको. पावरीचा, म्हणजे आमच्याकडच्या भोपळ्याच्या वाद्याचा, जो आवाज पहिला हंगाम फक्त माझ्या बँडच्या गाडीवर वाजेल असे आमचे ठरले होते, तो त्याने हंगाम सुरू व्हायच्या आत जगाला फुकट वाटून टाकला. आणि नंतर त्या आवाजातून माझा टेम्पो काढून टाकला. पहिल्या गोष्टीचा राग आता निवत आला आहे. दुसरीचा वाढतोच आहे.

नंदुरबारला माझा बँड आणि साउंडचा धंदा आहे. सायकलच्या कॅरिअरला एक भोंगा बांधून सुरुवात केली होती. बापाने काही ठेवले नव्हते, कोणी हात धरून शिकवले नाही. भाव कसा पाडायचा हे बाजारात शिकलो आणि आवाज कसा चढवायचा हेही तिथेच. माझा आवाज लवकर चढतो. मला ते ठाऊक आहे. ते दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

सिमोनला पहिल्यांदा पाहिले ते चिंचपाड्याजवळच्या एका लग्नात. माझ्या स्पीकरच्या जाळीला कान लावून बसला होता. मांडवात शंभर माणसे नाचत होती आणि हा एकटा तिथे, डोळे मिटून. मी खेकसलो, "ए भाऊ, काय करी ऱ्हायना तठे?"

तो उठला, गुडघे झटकले. "ऐकत होतो."

"बठ्ठा गाव दूरथीन ऐकी ऱ्हायना. तुलेच चिटकनं पडनं?"

"दुरून गाणं ऐकू येतं," तो म्हणाला. "जवळून खरखर ऐकू येते."

त्या दिवशी माझा ऑर्गनवाला तापाने फणफणला होता. खरखर ऐकणाऱ्या या माणसाला मी ऑर्गनवर बसवले. चर्चमध्ये पेटी वाजवून त्याचा हात तयार झालेला होता. दोन गाणी होईपर्यंत मला कळले की हा माणूस सोडायचा नाही. अठरा वर्षे सोडला नाही.

अंगाने किडकिडीत. मे महिन्यातसुद्धा शर्टाचे गळ्यापर्यंतचे बटण लावलेले. वाजवून झाले की ऑर्गनवर घरून आणलेला पंचा पांघरायचा, लेकराला झोपवावे तसा. घरी तो कोकणी बोलायचा, समुद्राकाठची नव्हे, आमच्याकडच्या कोकणा आदिवासींची; मराठी शाळेत शिकलेला, म्हणून त्याचे मराठी पुस्तकातल्यासारखे होते. मी अहिराणीत विचारायचो, तो पुस्तकात उत्तर द्यायचा. बँडमधली माणसे त्याला मागून 'तलाठीसाहेब' म्हणत. त्यालाही ते माहीत होते. एकदा कोणी तोंडावर म्हटले तेव्हा म्हणाला, "तलाठी भेटत नाही. मी रोज भेटतो."

आमच्या धंद्यात 'टोन' विकत घेतात. टोन म्हणजे ऑर्गनमध्ये भरलेला एखाद्या वाद्याचा आवाज: ढोल, सनई, बासरी. विकणारा त्याला कुलूप घालून देतो. तो तुमच्या त्या एका ऑर्गनवरच वाजतो. एका वर्षी ऐन लग्नसराईत ऑर्गन वरातीतच बंद पडला. नवा आणला, पण कुलूप उघडेना. सुरत रस्त्यावरच्या टोन विकणाऱ्याचा फोन बंद. त्याने म्हणे धंदाच बदलला होता. मी सगळ्या सुरत रस्त्याला शिव्या घातल्या.  आठ दिवसांनी सिमोन एक जुना लॅपटॉप घेऊन आला, त्याला वायरने ऑर्गन जोडला आणि वाजवून दाखवले. ढोल होता, सनई होती. कुलूप नव्हते.

"कोनाकडथीन लिना?"

"कोणाकडून नाही. हा प्रोग्राम मोकळा आहे. आत काय आहे ते कोणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं, भर घालावी. फुकट आहे."

"मालक कोन शे?"

"एक कोणी नाही. एकाला गरज पडली, त्याने बनवलं. दुसऱ्याला गरज पडली, त्याने वाढवलं. देशोदेशीचे आहेत."

"मंग त्यासले काय भेटस?"

 "शेठ, त्यांना त्यांचं गाणं वाजवायचं आहे, मला माझं. पेटी एकच आहे. ती बिघडली तर दोघांचंही अडतं."

माझा विश्वास बसला नाही. फुकट हा शब्द मी बाजारात पुष्कळ ऐकला आहे आणि तो एकदाही खरा निघालेला नाही. कुठेतरी दलाल असणार, हे मी धरून चाललो. सिमोनला आडून विचारायचो, उघड विचारायचो. तो मला त्यांच्या चर्चमधल्या पेटीची गोष्ट सांगायचा. पूर्वीच्या एका पंचाने पेटी कोणी बिघडवू नये म्हणून कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. सणाला कपाट उघडले तर भाता उंदरांनी खाल्लेला. "कुलपातली पेटी उंदरांची," असे तो म्हणायचा. हे त्याचे आवडते वाक्य होते. टोनवाल्यांविषयी, बँकेविषयी, पोरीच्या हुंड्याविषयी, कशाविषयीही वापरायचा.

मग हळूहळू त्याचे त्या लोकांत येणे-जाणे सुरू झाले. येणे-जाणे म्हणजे लिहिणे. तो मोबाइलवर मराठीत लिहायचा, मोबाइल त्याचे इंग्रजी करायचा, तिकडून उत्तर आले की परत मराठी. त्यात पोर्तुगालची एक बाई होती. जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, साठीच्या पुढची. तिचे नाव त्याने मला सांगितले होते, पण तो स्वतः 'बाई' म्हणायचा, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसे. याने आपल्या गावचा ढोल ध्वनिमुद्रित करून त्या प्रोग्रामला दिला होता. बाईने तो परत पाठवला. पुन्हा केला, पुन्हा परत.

आमच्याकडे माल परत आला की माणसाचे तोंड उतरते. हा मात्र लग्नघरी सांगत फिरायचा, "बाईंनी परत पाठवला." जसे काही पोरगी पसंत पडली.

एकदा नवापूरकडच्या लग्नात दुपारी सगळे पंगतीला बसले होते. हा टेम्पोच्या सावलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन एकटाच हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी ताट हातात घेऊनच गेलो. "काय व्हयनं रे?"

"बाई म्हणतात, माझा ढोल ऐकून वाटतं, वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवतंय." आणि पुन्हा हसू लागला.

मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. दिसले ते वेगळेच. अठरा वर्षांत मी या माणसाला एकदाही असे हसवले नव्हते. त्याच्या पोरीच्या लग्नात गाडी फुकट पाठवली, त्याची आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती तेव्हा रोज डबा पाठवला, त्याच्या वाजवण्याला चारचौघांत वाहवा म्हटले. तो दर वेळी "हो शेठ" म्हणाला. आणि कधी न पाहिलेल्या एका बाईने त्याच्या ढोलाला कपाट म्हटले, तर याचे पोट दुखेपर्यंत हसू. मी मत्सरी माणूस आहे, खापर गावच्या बँडवाल्या भिकनची गाडी माझ्यापेक्षा मोठी आली तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो. पण हा मत्सर वेगळा होता. तो कोणाला सांगताही येईना.

मग मी मला येते ते केले. सौदा करायला बसलो. सिमोनला म्हटले, "लिख त्या बाईले. हा बठ्ठा प्रोग्राम नंदुरबार जिल्हापुरता, एक हंगाम, फक्त माले पाहिजे. भाव सांग म्हना."

"शेठ, असं नसतं त्यांच्यात."

"लिख."

"हो शेठ." त्याने लिहिले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले: ते आधीपासून तुमचेच आहे. पूर्ण.

बाजारात दुकानदार 'घरचंच दुकान आहे शेठ' म्हणतो तेव्हा मी खिसा धरतो. मी पुन्हा लिहायला लावले, माझे आहे तर खापरच्या भिकनला देऊ नका. उत्तर आले, त्याचेही आहे. मी सिमोनला म्हटले की ही बाई फार पोहोचलेली आहे, आकडा बोलतच नाही. तो त्यावर गालात हसला. तेवढे एक हसू मला मिळाले आणि तेही बाईच्या वाट्यातले.

आता पावरी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दुध्या भोपळा, त्यात बसवलेल्या नळ्या, पुढे शिंगासारखा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, त्यामुळे सूर दोरीसारखा अखंड निघतो. सिमोनच्या घरचे ख्रिस्ती, पण त्याचा मामा जुन्या देवाचाच राहिलेला. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मामा पावरी वाजवायचा. सिमोन म्हणाला, मामाच्या पावरीचा एक एक सूर माईकवर घेतला तर ऑर्गनवर पावरी वाजेल. मी ताबडतोब ओळखले की हे नवापूर तालुक्यातले प्रत्येक लग्न माझ्याकडे ओढून आणणार. चांगला माईक मी घेतला. टेम्पो मी काढला. वाटेत करार केला.

"पहिला हंगाम फक्त मन्हा. कबूल?"

"शेवटी ते सगळ्यांना जाईल, शेठ."

"शेवटी जाऊ दे. पहिला हंगाम मन्हा."

"हो शेठ."

मामाचे घर डोंगराच्या पायथ्याशी. टेम्पोचा स्टार्टर तेव्हा रुसलेला होता. एकदा बंद केला की ढकलल्याशिवाय चालू होत नसे. तिथे उतार नव्हता, आणि ढकलायला आम्ही दोघे आणि दम्याने धापणारा मामा. म्हणून मी इंजिन चालूच ठेवून गाडी जरा लांब, चिंचेखाली उभी केली. सिमोनने कानाला हेडफोन लावले, माईक उघडला, आणि एकदा टेम्पोकडे पाहिले.

"येस का आवाज तठलोंग?" इंजिनकडे बोट करून मी विचारले.

तो म्हणाला, "चालेल, शेठ."

मामाने सकाळभर सूर दिले. एक सूर, मग थांबणे, पाणी पिणे, मग पुढचा. मी म्हटले, आता एखादी चाल होऊन जाऊ दे. मामा कोकणीत काहीतरी बोलला आणि पावरी भिंतीला टेकवून ठेवली. सिमोनने सांगितले, "मामा म्हणतो, सूर भोपळ्याचे आहेत, ते न्या. चाल देवाची आहे." मामा अंगठेबहाद्दर, पण काय द्यायचे आणि काय राखायचे हे त्याला ठाऊक होते. भाचा ते त्याच्याकडून शिकला नाही.

हंगाम सुरू झाला. पहिल्या दोन लग्नांत पावरी वाजली तेव्हा म्हाताऱ्या बायका मांडवातून उठून गाडीजवळ आल्या आणि कोण वाजवतंय म्हणून आत डोकावून पाहू लागल्या. मी स्वतःवर फार खूश होतो. तिसरे लग्न धानोऱ्याला होते, आणि त्याच दिवशी गावात दुसरीही वरात होती, भिकनच्या बँडची. आमची गाडी चौकात उभी होती. पलीकडच्या गल्लीतून पावरी ऐकू आली. मला वाटले, आमचाच आवाज भिंतीवर आपटून येतो आहे. मी सिमोनकडे पाहिले तर त्याचे हात ऑर्गनवर नव्हते.

भिकन चालतच माझ्याकडे आला, तोंडात गुटखा, चेहरा दिवाळीसारखा. "काय शेठ, तुन्ही पावरी मन्हा घर कशी उनी?"

तोच पुढे म्हणाला,

"चोरेल नही शे, हां. मोबाइलवर उतारी लिनी. तुन्हाच मानूसनी ठेवेल शे, बठ्ठासकरता." मग जाता जाता म्हणाला, "आन तुन्हापेक्षा मन्हाकडे साफ वाजस. तुन्हा ऑर्गनमा काय घुरघुर शे ते देख."

मी सगळ्या बँडसमोर सिमोनला विचारले. तो खोटे बोलला नाही. "हो म्हटलं होतं, शेठ. शब्द मोडला. बाई आणि बाकीचे वाट पाहत होते, मला राहवलं नाही."

"बाई वाट पाहत होती. आन मी?"

त्याने ऑर्गन बंद केला. मी म्हटले, "उतर खाली." तो उतरला. जाण्याआधी त्याने सगळ्या वायरी नेहमीसारख्या गुंडाळल्या, ऑर्गनवर पंचा घातला, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि फाट्याकडे चालू लागला. सोमवारपर्यंत येईल, असा माझा हिशेब होता. दोन पावसाळे झाले.

त्याच्या जागी मी दुसरा माणूस ठेवला. वाजवतो बरा. सारखा मोबाइल पाहतो, पण मोबाइल पाहून हसत नाही, म्हणून मला चालतो.

भिकनचे ते घुरघुरीचे बोलणे मात्र डोक्यातून जाईना. गेल्या पावसाळ्यात धंदा बंद असताना मी गोडाउनमध्ये बसून त्या लोकांचे पान उघडले. त्यांचे सगळे बोलणे तिथे उघडे पडलेले असते, कोणीही वाचावे. मोबाइल मराठी करून देत होता. पावरीचे पान लांबलचक होते. मी दोन दुपारी वाचत होतो.

सुरुवातीला कोणीतरी विचारले होते, प्रत्येक सुराखाली एक बारीक घरघर आहे, ती वाद्याचीच आहे का? सिमोनने लिहिले होते, नाही, ती आमच्या मालकांच्या गाडीची आहे. बाईने विचारले, मग गाडी बंद करा असे त्यांना का सांगितले नाही? सिमोनने लिहिले होते: "त्यांना सांगता येत नाही. पण माणूस चांगला आहे. माईक त्यांनीच घेतला."

पुढे कामाला सुरुवात. चार माणसे, चार देशांत. एक जण घरघर मोजून देतो, दुसरा ती गाळायची रीत लिहितो, सिमोन मामाकडे जाऊन आवाज खरा राहिला की नाही हे ऐकवून येतो, बाई परत पाठवते. आठवडेच्या आठवडे. कोणीही कोणाला काही देत-घेत नाही. आणि बोलायला सोपे जावे म्हणून त्यांनी त्या घरघरीला नाव ठेवले होते. सिमोन मला काय म्हणतो ते एकाने विचारून घेतले आणि तेच नाव ठेवले. शेठ.

"तिसऱ्या सुरात अजून थोडा शेठ शिल्लक आहे."

"पाचव्यातून शेठ गेला, पण सोबत पावरीचा थोडा गळाही गेला. पुन्हा करा."

शेवटी बाईने लिहिले होते: "आता कुठेही शेठ नाही. फार सुंदर." खाली सगळ्यांच्या टाळ्या. सिमोनच्याही.

मी ऑर्गन चालू केला. सिमोनने हंगामाआधी ऑर्गनमध्येच भरून दिलेला तोच पहिला, न गाळलेला आवाज त्यात होता. जाळीला कान लावला. बराच वेळ फक्त पावरीच ऐकू आली. मग तिच्या तळाशी तो सापडला, माझा टेम्पो, चिंचेखाली उभा राहून घुरघुरणारा. हंगामभर मी त्या स्पीकरपासून हातभर अंतरावर उभा होतो आणि मला तो ऐकू आला नव्हता. पोर्तुगालला ऐकू गेला होता.

ती माणसे फुकट का राबतात, याचे उत्तर मला त्या दोन दुपारी मिळाले. दलाल नाहीच तिथे. तिथे कोणीही कोणालाही 'हे चुकलं, पुन्हा कर' म्हणू शकतो, आणि म्हटल्यावर कोणाला गाडीतून खाली उतरावे लागत नाही. अशी जागा मिळाली तर माणूस पदरचे घालून जाईल. मीही गेलो असतो. मी जन्मभर 'नाही' म्हणणाऱ्यांशीच व्यवहार केला. सौदा म्हणजे दुसरे काय असते? दोन माणसे एकमेकांना नाही म्हणत म्हणत एका जागी येतात. जो पहिल्या आकड्याला हो म्हणतो, त्याने मला माणसात धरलेले नसते.

म्हणून सिमोन, पावरी वाटलीस ते वाटलीस. भिकनला मी दुसऱ्या वाटेने बघून घेईन. घरघरीला शेठ म्हणून मला जगभर गाळलेस, तेही असू दे. पण अठरा वर्षे तुझ्याजवळ जेवढे 'नाही' होते ते सगळे तू त्यांना दिलेस आणि मला एकही दिले नाहीस. त्या दिवशी तू 'इंजिन बंद करा' म्हणाला असतास तर मी ओरडलो असतो, हे खरे आहे. मामासमोर तुझी आई-बहीण काढली असती. आणि मग बंद केले असते, आणि आपण तिघांनी तो टेम्पो डांबरीपर्यंत ढकलत नेला असता. हे तुला ठाऊक नव्हते, असे तू म्हणू शकत नाहीस. चिंचपाड्याहून नंदुरबारला यायला दिवसभर गाड्या आहेत. ये, माझ्यासमोर उभा राहा, आणि पुस्तकातल्या मराठीत का होईना, उत्तर दे: मला का सांगितले नाहीस?